सत्तावीस महिन्यांची रजा

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ अधिकाऱ्यांचा फोन आला. आदल्या संध्याकाळी स्मशानातून परतलेले आम्ही सगळे अजून अकोल्याच्या घरात, पुढच्या खोलीतल्या सतरंजीवरच होतो.

"कळलं मला. फार वाईट झालं," ते म्हणाले. "तुम्ही आता तेरा दिवस घराबाहेर पडू नका. उद्याची कापणी शेजारच्या सजाचा पटवारी करेल, चार्ज त्याच्याकडे दिलाय. कामाचा विचारसुद्धा मनात आणू नका."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला होता, ते मी आजही नाकारत नाही. पण त्या बोलण्यातलं सर्वांत ठाम वाक्य चार्जचं होतं, आणि ते माझ्या डोक्यातून जाईना.

मी त्या वेळी पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात एका सजाचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा, तलाठी होतो. आमच्या वऱ्हाडात तलाठ्याला पटवारीच म्हणतात. कापणी म्हणजे पीक कापणी प्रयोग. गावातल्या निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन दोरीने आखायचा, त्यातलं पीक चार लोकांसमोर कापायचं, झोडपायचं, तोलायचं. चांगल्या वर्षी जेवढं यायला हवं त्याच्याशी हे वजन ताडून पाहायचं. त्यावरून गावाची पैसेवारी ठरते. ती निम्म्याच्या, म्हणजे पन्नास पैशांच्या, खाली उतरली तर सरकारच्या लेखी गावात दुष्काळ असतो. मग मुलांची परीक्षा फी माफ होते, विजेच्या बिलात सूट मिळते, रोजगाराची कामं निघतात. निम्म्याच्या वर राहिली तर त्या गावात काहीच घडलेलं नसतं.

ती वर्षं अशी होती की वऱ्हाडातल्या गावांची नावं रोज वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर यायची, आणि कशासाठी यायची ते सगळ्यांना माहीत होतं. दिल्लीची पथकं पांढऱ्या गाड्यांतून यायची, डांबरी रस्त्याला लागून असलेलं एखादं शेत पाहायची आणि जेवायला विश्रामगृहावर जायची. आणखी गावं दुष्काळाच्या यादीत नकोत असं वर कुठेतरी ठरलं होतं. तसा लेखी आदेश मी पाहिला नाही. पण तालुक्यातल्या बाकीच्या गावांचे अंदाज साठीच्या आसपास येऊन थांबले होते आणि माझ्या एका गावाचा मात्र चाळीसच्या आत होता. उद्याच्या कापणीवर ते गाव यादीत राहणार की नाही हे ठरणार होतं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नोकरीभर तिनं अकोल्याच्या रद्दीवाल्यांकडून पुस्तकं किलोवर घेतली. एकदा कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचा गठ्ठा आला. त्यात चीनबद्दलचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. पुठ्ठा आणि पहिली पानं गेलेली, त्यामुळे ते कोणी लिहिलं हे आम्हाला कधीच कळलं नाही. आमचं घर आजोबांच्या वेळी धम्म घेतलेलं. चीनमधून भारतात आलेल्या भिक्खूंविषयी असेल, असं समजून तिनं ते उचललं. घरी येऊन उघडलं तर भिक्खू जेमतेम दोन पानांत, बाकी सगळी चाकरी करणारी माणसं. हान राजवटीपासून शेवटच्या छिंग राजवटीपर्यंतचे दंडाधिकारी, दरबारातले टीकाकार, परमुलखात पाठवलेले दूत.

"आपल्यासारखेच निंगाले बाप्पा, नोकरदार," ती म्हणाली आणि ते पुस्तक तिनं पुढची वीस वर्षं हातापासून दूर केलं नाही.

शाळेत पाऊस लागून मुलं अडकली की ती हान राजवटीतल्या एका दूताची गोष्ट सांगायची. उत्तरेकडच्या घोडेस्वार टोळ्यांकडे बादशहानं त्याला पाठवलं. त्यांच्या राजानं त्याला फितवायला पाहिलं, हा फितेना. मग त्याला बर्फाळ मुलखात मेंढे राखायला धाडलं. आई राजाच्या आवाजात म्हणायची, "मेंढे दूध देतील तवा तू घरी जाय." आणि मग वर्गाला विचारायची, "काहून रे, मेंढे कई दूध देतात का?" पोरं खिदळायची. ती थांबायची आणि सांगायची की तो माणूस एकोणीस वर्षं तिथं राहिला, आणि दूत म्हणून मिळालेली काठी त्यानं एकोणीस वर्षं हातातून सोडली नाही. काठीच्या टोकाचे गोंडे झडून गेले तरी तो ती घेऊनच मेंढ्यांमागे फिरायचा.

मी पटवारी झालो तेव्हा तिनं मला त्याच पुस्तकातलं एक वेगळं प्रकरण काढून दिलं. छिंग राजवटीत पूर आला, अवर्षण पडलं, की जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यानं ठरलेल्या महिन्याच्या आत वर कळवायचं. मग गावोगाव माणसं पाठवून पाहणी करायची आणि पिकाचे दहा हिस्से धरून त्यातले किती बुडाले ते लिहायचं. निम्मे बुडाले तर सारा कमी. कळवायला उशीर केला तर अधिकाऱ्याला दंड. बुडालेलं लपवलं तर नोकरी जायची.

"पाय, हे तुयंच काम हाय," ती म्हणाली. "फक्त तुयाजवळ टोपी नाई त्यायच्यासारखी."

"आणि त्यांच्यातले किती जण खरं लिहीत असतील?" मी विचारलं होतं.

"ज्यायनं खोटं लिवलं त्यायची नावं तं नाई ना या पुस्तकात."

हे तिचं म्हणणं बरोबर नव्हतं. लाच खाणारे, बादशहाला गोड लागेल तेच लिहिणारे पुष्कळ त्यात होते. तिलाही ते ठाऊक होतं. त्यांच्या पानांवर पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा तिच्याच होत्या.

सगळ्यांत जास्त पेन्सिल तिनं ज्या प्रकरणावर चालवली ते दुखवट्याचं होतं. चीनमध्ये अधिकाऱ्याचे आई किंवा वडील गेले की त्यानं शिक्का ठेवून द्यायचा आणि गावी परत जायचं. म्हणायला तीन वर्षं, मोजायला सत्तावीस महिने. मंत्री असो की साधा कारकून, नियम एकच. आई गेल्याची बातमी दडवून खुर्चीवर बसून राहिला तर तो गुन्हा. पण बादशहाला एखादा माणूस हवाच असला तर तो हुकूम काढून त्याचा दुखवटा मोडू शकत असे. मिंग राजवटीत एका बड्या मंत्र्याचे वडील गेले, तेव्हा त्याला असं थांबवून घेतलं. ज्या अधिकाऱ्यांनी हे चूक आहे असं लिहून दिलं त्यांना दरबारात उघड्यावर दंडुक्यांनी फोडून काढलं.

या पानाच्या कडेला आईच्या बारीक अक्षरात लिहिलेलं आहे: "जो हवा त्याला रडू देत नाहीत. जो नको त्याला रडायला घरी पाठवतात."

फोन आला त्या दिवशी दुपारी मी ते पान काढून बसलो होतो. मला ते पान शोधावं लागलं नाही. आपल्याला कोणत्या बाजूला ठेवलं आहे हे समजायलाही फार वेळ लागला नाही.

माझी मोठी बहीण परतवाड्याहून आलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पायात बूट घालताना तिनं पाहिलं.

"जातो?"

"जातो. संध्याकाळपर्यंत येतो."

"लोक काय म्हनतीन, त्याचा इचार केला?"

"केला."

तिनं माझ्या शर्टाकडे पाहिलं. "आई असती तं आधी इस्त्री करून देल्ली असती," ती म्हणाली. "काढ तो. असा चुरगळलेला घालून गेला तं म्हनतीन पोरगा खचला."

इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून मी बसमध्ये बसलो. वाटेत मला दोनदा रडू आलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे माझ्याविषयी जे कागदावर आलं त्यात हे फार वेगळ्या रीतीनं आलं.

शेत गावाच्या दक्षिणेला होतं, एका वयस्क मुसलमान शेतकऱ्याचं. त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. मी पोचलो तेव्हा मंडळ अधिकारी, चार्ज घेतलेला तरुण पटवारी, सरपंच, कोतवाल आणि दोन मजूर बाया असे सगळे बांधावर जमले होते. आधी कोतवालानं पाहिलं.

"साहेब, तुमी? तुमाले तं तेरा दिवस म्हनले होते."

"कोणी?"

"मोठ्या साहेबायनं. म्हने, पटवारी येनार नाई, बारा वाजेलोक आटपून घेऊ." मग माझी आई गेल्याचं त्याला आठवलं असावं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मंडळ अधिकारी जवळ आले. ते घाटावरून बदलून आलेले, मवाळ बोलणारे गृहस्थ. "तुम्ही कशाला आलात? एवढं मोठं झालंय घरात. आणि सुतकात धान्याला हात लावू नये, लोकांना बरं वाटत नाही."

"आमच्यात सुतक नाही, साहेब."

ते गोरेमोरे झाले. तीन वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता. माझ्या घरच्या लग्नाला ते येऊन बुद्धवंदनेला उभे राहिले होते. तरीही तेरा दिवस सगळ्यांनाच असतात असं त्यांनी धरून टाकलं होतं. त्यांची सगळी आखणी त्या तेरा दिवसांवर उभी होती.

"तुमच्यात नसेल," ते सावरून म्हणाले, "पण शेत दुसऱ्याचं आहे. त्यांना काय वाटेल?"

आणि त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "हमारे में तो तीन दिन का सोग रहता साहब. पटवारी साब, आज कितवा दिवस हाय?"

"तिसरा."

"तो हो गया. चालू करो काम." मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वैसे माँ का तो उमर भर का रहता, बेटा. वो अलग."

मी मान खाली घालून पिशवी उघडली.

चौकोन कुठे आखायचा हे कोणी आपल्या मर्जीनं ठरवत नाही. शेताच्या एका कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावलं आणि रुंदीकडे किती, याचे आकडे आधीच नेमून दिलेले असतात. तो कागद माझ्या पिशवीत होता. चार्ज तोंडी दिला गेला होता, कागद कोणी मागितलाच नव्हता. तरीही खुंटी ठोकून तयार होती. नाल्याला लागून, जिथे सोयाबीन कमरेला लागत होतं.

"ही खुंटी कोणत्या आकड्यानं आली?" मी तरुण पटवाऱ्याला विचारलं.

त्यानं साहेबांकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे. खुंटी त्याची नव्हती.

मी कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो आणि मोठ्यानं पावलं मोजायला लागलो. कोतवाल माझ्यामागून मोजत येत होता. लांबीची पावलं संपली, वळलो, रुंदीची मोजली आणि थांबलो.

"तुमचं पाऊल लहान पडतंय," साहेब म्हणाले. "थकला आहात तुम्ही."

मी परत कोपऱ्यावर गेलो. दुसऱ्यांदा मोजलं. त्याच जागी आलो.

"आता तुम्ही मोजा, साहेब," मी म्हणालो.

ते नाही म्हणू शकले असते. सरपंच बघत होता, बाया विळे घेऊन बघत होत्या. त्यांनी मोजलं. लांब ढांगा टाकून मोजलं. माझ्या जागेपासून चार हात पुढे येऊन थांबले, आणि तिथंही तेच होतं. जमिनीवर पांढरट खार फुटलेला, ढेकळं तडकलेली, वीतभर रोपं, शेंगा पोचट.

"इथं कापायला आहे काय?"

"जो हाय सो यहीच हाय," चाचा म्हणाले. "नाल्याजवळ ओल व्हती म्हनून आलं. आता पूरा खेत नाल्यात थोडी हाय, साहब."

एक बाई फिसकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. साहेबही किंचित हसले. मग खुंटी तिथं ठोकली गेली.

चौकोन कापायला वेळ लागला नाही. बायांनी ताडपत्रीवर शेंगा झोडपल्या, सुपात पाखडल्या. कोतवालानं तराजू धरला. त्यानं सवयीनं एका पारड्यात नेहमीची वजनं टाकली. धान्याचं पारडं वरच राहिलं. त्यानं एक वजन काढलं. तरी वरच. मग दुसरं काढलं. तिसरं काढल्यावर काटा हलला. चाचा ताडपत्रीच्या कडेला उकिडवे बसून घरंगळलेले दाणे एकेक करून उचलत होते आणि पारड्यात टाकत होते. त्यांना वाटत होतं तोलात कमी येऊ नये. कमी आलं तरच गाव यादीत राहील हे ठाऊक असूनही शेतकऱ्याचा हात थांबत नव्हता.

मी पंचनामा लिहायला घेतला. आमच्याकडे शेतावर आकडे पेन्सिलीनं लिहायची रीत आहे. कच्चं आहे, कार्यालयात पक्कं करू, असं म्हणतात. मीही वर्षानुवर्षं तसंच केलं होतं आणि कच्च्याचं पक्कं होताना काय होतं ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्या दिवशी मी खिशातून पेन काढलं.

"पेनानं कशाला?" साहेब म्हणाले.

"माझी पेन्सिल नाही आणली."

"ही घ्या माझी."

"नको."

एवढंच. मला कुठलाही आवेश आल्याचं आठवत नाही. अक्षर नेहमीसारखं बरं आलं नाही. वजन आकड्यांत लिहिलं, खाली अक्षरांत लिहिलं. सरपंचानं सही केली, तरुण पटवाऱ्यानं सही केली, बायांनी अंगठे दिले, चाचांनी उर्दूत सही केली. शेवटी कागद साहेबांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि सही केली.

परतताना त्यांनी मला मोटारसायकलवर बसस्टॉपपर्यंत सोडलं. "तुम्हाला वाटतं मी वाईट माणूस आहे," ते पुढे बघत म्हणाले.

"नाही वाटत."

"मग?"

आईला याचं उत्तर सुचलं असतं. मी बसस्टॉपवर उतरलो आणि त्यांना नमस्कार केला.

महिन्याभरानं मला खुलासा मागणारा कागद आला. माझ्या गावाचा आकडा आजूबाजूच्या गावांशी जुळत नाही, हे त्यात होतंच. पण खरा घाव पुढच्या वाक्यात होता. कर्मचारी निकटच्या नातेवाइकाच्या निधनामुळे शोकात होता, प्रवासात रडत असल्याचं लोकांनी पाहिलं आहे, त्याची मनःस्थिती ठीक नसताना त्यानं केलेली मोजणी ग्राह्य का धरावी?

तो कागद मी तीनदा वाचला. आईचं जाणं आधी माझ्या रजेसाठी वापरून पाहिलं होतं, आता माझा आकडा खोडण्यासाठी. मला राग आला, आणि तो इतका शांत होता की मला त्याची मदतच झाली.

आईच्या त्या पुस्तकातल्या, मिंग राजवटीतल्या एका अधिकाऱ्यानं बादशहाच्या चुका दाखवणारा अर्ज देण्याआधी स्वतःसाठी शवपेटी विकत आणून ठेवली होती आणि घरच्यांचा निरोप घेतला होता. बादशहा संतापून म्हणाला, याला पळू देऊ नका. तेव्हा कोणीतरी सांगितलं की पळणाऱ्याची ही तयारी नसते. माझ्यावर तसली काही वेळ नव्हती. माझी फार तर बदली होणार होती. एवढ्या लहान शिक्षेसाठी भ्यायचं, याचीच मला लाज वाटली.

खुलासा मी दोन दिवस लिहिला. शेवटी तो अर्ध्या पानाचा झाला. त्यात लिहिलं की माझी आई गेली होती आणि मी बसमध्ये रडलो, हे खरं आहे. पावलं मी दोनदा मोजली आणि तिसऱ्यांदा मंडळ अधिकाऱ्यांनी मोजली. ते शोकात नव्हते. तराजू कोतवालाच्या हातात होता. तोही शोकात नव्हता. पंचनाम्यावर सर्वांच्या सह्या व अंगठे आहेत, त्यांपैकी कोणाचीही मनःस्थिती तपासून पाहावी. मनःस्थिती ठीक असलेल्या माणसानं त्या चौकोनातून जास्त सोयाबीन काढून दाखवावं, मी नोकरी सोडीन.

शेवटचं वाक्य खोडावं, असं मला सहकाऱ्यांनी सांगितलं. बहिणीनंही फोनवर सांगितलं. मी ते ठेवलं.

अंतिम यादी चावडीवर लागली, त्या दुपारी कोतवालाचा एसटीडीवरून फोन आला. "लागली जी यादी. आपलं गाव हाय, पन्नासच्या खालीच. बाकी कोनाचंच नाई आजूबाजूले. लोक इचारून राह्यले, आमच्याच गावाले कसं काय देल्लं?"

"मग तू काय सांगितलं?"

"म्हनलं, मोजलं म्हनून."

माझ्या बदलीचा आदेश त्याच आठवड्यात निघाला, अमरावतीच्या एका अभिलेख कक्षात. चार्ज देताना या वेळी मी कागद मोजून, यादी करून, सही घेऊन दिले. मंडळ अधिकारी दारापर्यंत आले. "एवढ्या तालुक्यात एका गावानं काय फरक पडला?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"त्या गावाला पडला," मी म्हणालो.

मग माझी एक पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि बसपर्यंत आणून दिली.